चाळिशींत नवा धंदा : धुंडिराज गोविंद फाळके यांचें चरित्र

आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी पोटासाठीं मुंबईस गेलेला आहे. कोणाचा बाप परळच्या गिरणींत साच्यावर होता, कोणाचा चुलता लालबागेस दहाजणांच्या खोलींत वळकटी टाकून राहत होता. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्यांचें सारें आयुष्य सुताच्या धाग्याशीं बांधलेलें होतें त्यांस पुढें काय करावें हें सुचेना. खेड्यांत राहिलेल्यांसही हा प्रसंग चुकलेला नाहीं. वडिलांचें काम सुटलें आहे, नवें हातीं लागलेलें नाहीं, मुलें लहान आहेत आणि वय चाळिशीला टेकलें आहे, अशा स्थितींतील बंधु प्रत्येक मंडळींत एक दोन तरी आढळतात. उपदेशक त्यांच्या घरीं जाऊन धीर देतात; पण धीर दिल्यावर पुढें बोलावें काय, हें त्यांसही पुष्कळदां समजत नाहीं.

अशा घरीं वाचून दाखवितां यावी म्हणून एका गृहस्थाची हकीकत येथें देत आहों. हे गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. तथापि त्यांच्या आयुष्यास जें मोठें वळण मिळालें तें प्रभु येशूच्या चरित्राचें चित्र पाहत असतां मिळालें, ही गोष्ट आपल्या लोकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचें नांव धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळके या नांवानें सारा देश त्यांस ओळखतो, आणि हिंदुस्थानांतील चित्रपटाच्या धंद्याचा पाया घालणारे म्हणून त्यांची कीर्ति आहे.

धुंडिराजपंतांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्रीं झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृताचे पंडित. घरीं भिक्षुकीची वृत्ति. मुलानेंही हीच वाट धरावी अशा समजुतीनें त्यांनीं त्यास लहानपणींच पूजापाठाचे व यज्ञविधीचे धडे दिले. परंतु पुढें खुद्द दाजीशास्त्र्यांसच मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली, आणि कुटुंब मुंबईस आलें. विल्सन कॉलेज म्हणजे स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं काढलेल्या शाळेचें वाढलेलें रूप. क्षेत्रींचा एक शास्त्री यजमानांची दक्षिणा सोडून मिशनच्या कॉलेजांत पगारावर शिकवूं लागला, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. धंदा बदलण्याचा पहिला धडा मुलानें बापापासूनच घेतला असें आम्हांस वाटतें; शास्त्रीबोवांच्या मनांत मात्र तो शिकवावयाचा नसेल.

मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. १८८५ सालीं तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला. पुढल्याच वर्षीं थोरल्या भावाबरोबर बडोद्यास गेला. तेथें त्याचें लग्न झालें, आणि तेथील कलाभवनांत त्यानें रंगीत चित्रें काढण्याची विद्या पुरी केली. त्याच सुमारास फोटो काढण्याचा कॅमेरा विकत घेतला. कलाभवनाचे प्रमुख प्रोफेसर गज्जर यांची या विद्यार्थ्यावर मर्जी बसली, व त्यांनीं त्यास तीन रंगांत छापण्याचे ब्लॉक कसे तयार करावे हें शिकावयास रतलामास पाठविलें. आदर्श नाटकगृहाचा एक नमुना तयार करून त्यानें १८९२ सालीं अहमदाबादच्या प्रदर्शनांत सुवर्णपदकही मिळविलें. एवढ्यावरून वाचकांस वाटेल कीं आतां या तरुणाचें बस्तान बसलें. पण तसें झालें नाहीं.

१८९५ च्या सुमारास फाळके गुजराथेंत गोध्रा येथें जाऊन फोटोग्राफर झाले. पुढें प्लेग आला. त्या सांथीनें गांवेंच्या गांवें ओस पाडलीं, हें आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलें आहे. रानांत झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी किती तरी घरांत अजून सांगतात. १९०० सालीं फाळके यांची पत्नी व मूल दोघेंही त्या रोगानें गेलीं. वय तीस, घर रिकामें. त्यांनीं गोध्रा सोडलें.

बडोद्यास परत येऊन त्यांनीं पुन्हां फोटोचा धंदा मांडला. परंतु फोटो काढला म्हणजे माणसाच्या अंगांतील शक्ति त्या पेटींत ओढली जाते व तो लौकर मरतो, अशी समजूत लोकांत पसरली होती, गिऱ्हाईक येईना. मग त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगारापासून हातचलाखी शिकून तिचेही खेळ केले. १९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. वधू करंदीकरांच्या घराण्यांतील. सासरीं तिचें नांव सरस्वती ठेविलें. या बाईंकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें, कारण पुढली निम्मी हकीकत त्यांची आहे.

१९०३ सालीं त्यांस सरकारच्या पुराणवस्तुखात्यांत फोटोग्राफर व ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. सरकारी नोकरी म्हणजे बांधलेला पगार. तीन वर्षांनीं तीही त्यांनीं सोडली. ते स्वदेशीच्या चळवळीचे दिवस होते, आणि परक्या सरकारची चाकरी करण्यापेक्षां आपला कारखाना काढावा असें पुष्कळ तरुणांस वाटत असे. फाळके यांनीं लोणावळ्यास छापखाना काढला व राजा रविवर्मा यांच्या नांवानें चालणाऱ्या छापखान्याचें काम घेतलें. देवादिकांचीं जीं रंगीत चित्रें त्या काळीं घरोघर भिंतींवर लागलीं, तीं ज्या रीतीनें छापीत ती रीत त्यांस अशी हातोहात अवगत झाली. पुढें त्यांनीं छापखाना मुंबईस दादर येथें आणला. त्याचें नांव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. काम उत्तम होऊं लागलें, नांव झालें, आणि अशा ऐन भरांत भागीदारांशीं बेबनाव झाला. फाळके छापखान्यांतून बाहेर पडले. आपल्या वांट्याचे पैसेही त्यांनीं घेतले नाहींत.

एक ना धड भाराभर चिंध्या, अशी आपल्याकडे म्हण आहे. शेजाऱ्यांनीं ती फाळके यांस लावली असेल तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. चित्रकार झाला, फोटोग्राफर झाला, पडदे रंगविले, जादूचे खेळ केले, सरकारी नोकरी केली, छापखाना काढला. आणि चाळीस वर्षांचें वय होऊन गिरगांवांत चर्नी रोडजवळ भाड्याच्या बिऱ्हाडीं बायकोमुलांसह हात हालवीत बसला. दुसरे भांडवलवाले छापखान्यासाठीं पैसे देण्यास तयार होते, पण तें काम पुन्हां नको असें त्यांनीं सांगितलें. हें सांगणें शहाणपणाचें होतें कीं हट्टाचें, हें आम्ही ठरवूं शकत नाहीं. त्यांचा स्वभाव मानी व तापट होता, एवढें खरें.

त्या दिवसांत, म्हणजे १९१० साल संपून १९११ लागलें त्या सुमारास, ते गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस नांवाच्या सिनेमागृहांत गेले. तेथें ख्रिस्ताच्या चरित्राचें चित्र चाललें होतें. पूर्वीं मिशनरी व उपदेशक गांवोगांव जादूचा कंदील घेऊन जात, व पांढऱ्या धोतराच्या पडद्यावर गव्हाणींतील बाळ व कालवरीची टेंकडी दाखवीत, हें जुन्या मंडळ्यांस स्मरत असेल. तीं चित्रें स्थिर असत. येथें माणसें चालत होतीं, प्रभु येशू लोकसमुदायांतून जात होता. हलत्या चित्रांचा पहिला खेळ मुंबईंत ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत झाला होता. तेव्हां हीं चित्रें अगदींच अपूर्व होतीं असें नव्हे. पण तीं सारीं परदेशांत तयार झालेलीं असत. फाळके यांनीं पुढें आपली त्या वेळची मनःस्थिति लिहून ठेविली आहे. डोळ्यांपुढें ख्रिस्ताचें चरित्र सरकत असतां त्यांच्या मनापुढें राम, कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभीं राहूं लागलीं. आणि आपल्या देशांत, आपल्या लोकांच्या हातून अशीं चित्रें कां होऊं नयेत, या एका विचारानें त्यांस घेरलें. खेळ संपला तेव्हां त्यांनीं पुन्हां तिकीट काढून तोच खेळ दुसऱ्यांदा पाहिला.

आपल्यांतील कोणी म्हणेल, तारणाऱ्याचें चरित्र पाहून या मनुष्यास तारणाऱ्याचें कांहींच कसें सुचलें नाहीं? आम्हांसही हें वाचतांना क्षणभर तसें वाटलें. परंतु ज्याचें त्यानें काय पाहावें हें आपल्या हातीं नसतें. त्यानें जें पाहिलें तें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें, व आपणही तें जसेंच्या तसें सांगणें बरें.

पुढले महिने त्यांनीं कसे काढले हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. त्यांनीं लगेच कर्ज काढून कारखाना मांडला नाहीं. एक लहानसा खेळण्यांतला कॅमेरा व कांहीं फिती मिळविल्या. मुंबईंत जेथें जेथें सिनेमा लागे तेथें रोज संध्याकाळीं जाऊन चार-पांच तास पडद्याकडे पाहत, व उरलेला वेळ घरीं प्रयोग करण्यांत घालवीत. त्या धंद्यावरचीं पुस्तकें व पत्रें परदेशाहून मागवीत. घरांत मिळकत नव्हती. एकेक चीज विकली जाऊं लागली. झोंप नाहीं, विसांवा नाहीं, यामुळें डोळ्यांवर इतका ताण पडला कीं दृष्टि मंद होत होत अखेर त्यांस दिसेनासें झालें. ज्या मनुष्यानें आजवर सारें पोट डोळ्यांच्या कामावर भरलें, ज्यास आतां डोळ्यांनीं पाहण्याचाच धंदा काढावयाचा, तोच आंधळा होऊन अंथरुणावर पडला. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनीं व नाना प्रकारच्या चष्म्यांच्या साह्यानें त्यांची दृष्टि हळूहळू परत आली. बरें वाटतांच पुन्हां तेंच काम सुरू.

मग त्यांनीं वाटाण्याचा प्रयोग केला. एका कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतरानें एकेक चित्र घेतलें. तीं चित्रें फितीवरून भराभर चालविलीं तेव्हां पडद्यावर वाटाण्याचा कोंब पाहतां पाहतां जमिनींतून वर आला व त्याचा वेल झाला. आपण शेतकरी माणसें. कोंब वाढतो हें आपणांस ठाऊक असतें, पण वाढतांना त्यास कोणी पाहिलेलें नसतें. हें लहानसें चित्र त्यांनीं निवडक मंडळींस दाखविलें. फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनीं तें पाहिलें व पैशांचें साह्य करण्याचें कबूल केलें. त्यासाठीं फाळके यांनीं आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या.

बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या मनुष्याचा दाखला शुभवर्तमानांत आहे. फाळके यांस त्यांच्या कांहीं मित्रांनीं वेडा ठरविलें होतें, आणि विम्याच्या पॉलिसी गहाण टाकणारा गृहस्थ वेडाच दिसतो. पण कर्ज काढण्यापूर्वीं या वेड्यानें वर्षभर खर्चाचाच अंदाज केला होता. चित्रें काढतां येतात कीं नाहीं, फीत धुतां येते कीं नाहीं, लोकांस तें आवडतें कीं नाहीं, हें त्यानें एका कुंडीवर आजमावून पाहिलें. आणि मागचे सुटलेले सारे धंदे येथें एकत्र आले. दृश्य कसें मांडावें हें चित्रकलेनें शिकविलें होतें; अंधाऱ्या खोलींतील रसायनें फोटोग्राफीनें व ब्लॉकांच्या कामानें; देखावे व पोषाख यांचें ज्ञान नाटकांच्या पडद्यांनीं; मनुष्य दिसेनासा कसा करावा ही युक्ति जादूनें. चिंध्या भाराभर होत्या खऱ्या, पण त्यांची गोधडी शिवतां आली.

१ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते एकटेच विलायतेस निघाले. लंडनांत ओळखीचें कोणी नव्हतें. पिकॅडिलींत हिंडतांना त्यांस बायस्कोप नांवाच्या साप्ताहिकाची पाटी दिसली; त्याचे अंक ते मुंबईस मागवीत असत. ते सरळ आंत शिरले. तेथील संपादकांनीं प्रथम त्यांस परावृत्त करण्याचा यत्न केला, कारण या धंद्यांत हात पोळलेले पुष्कळ लोक त्यांनीं पाहिले होते. पण या पाहुण्याची तळमळ पाहून त्यांनींच पुढें वॉल्टन येथील चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशीं त्यांची गांठ घालून दिली. हेपवर्थ यांनीं आपला कारखाना त्यांस मोकळेपणानें दाखविला. दोन आठवड्यांत पाहावयाचें तें पाहून फाळके यांनीं विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व फितीस भोकें पाडण्याचें यंत्र घेतलें, कच्च्या फितीची मागणी नोंदविली, व १ एप्रिल १९१२ रोजीं ते मुंबईस परत पोंचले.

गिरगांवची जागा या कामास अपुरी, म्हणून बिऱ्हाड दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुरा भवन नांवाच्या बंगल्यांत हलविलें. तेव्हांचें दादर आजच्यासारखें गजबजलेलें नव्हतें. प्लेगनंतर शहराची दाटी कमी करण्यासाठीं तेथें नवे रस्ते व घरें नुकतीं होऊं लागलीं होतीं. अंगणांत देखावे उभे राहिले, व घर हाच कारखाना झाला.

येथें सरस्वतीबाईंविषयीं सांगितलें पाहिजे. परदेशाहून येणारी फीत कोरी असे. तिच्या दोन्ही कडांस भोकें पाडल्यावांचून ती यंत्रांत चालत नाहीं. एका फुटाच्या एका कडेस अशीं चौसष्ट भोकें लागतात, आणि हें सारें अंधारांत करावें लागतें. उजेडाचा एक किरण लागला कीं फीत फुकट. हें काम बाईंनीं शिकून घेतलें. फीत धुण्याचीं रसायनें मिसळण्यास त्या शिकल्या. दिवसा कामावरच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्या गळ्यांत, कडेवर लहान मूल, आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत यंत्र. पैसे कमी पडले तेव्हां अंगावरचे दागिने त्यांनीं काढून दिले. नवऱ्यानें धंदा बदलला कीं बायकोचाही बदलतो, हें आपल्या उपदेशकांच्या पत्नींस कोणी नव्यानें सांगावयास नको. पण त्याबद्दल तिला विचारतें कोण? फाळके यांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, त्यांनीं पत्नीस केवळ राबविलें नाहीं, तर विद्या शिकविली. वाटाणे उगवतांना पाहिले ते दोघांनीं मिळून.

पहिल्या चित्रासाठीं सत्यासाठीं राज्य सोडणाऱ्या राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. अडचण आली ती नटांची. स्त्रियांचीं कामें करण्यास एकही बाई मिळेना. जाहिराती दिल्या; ज्यांचें नांव घेण्यासही सभ्य लोक लाजत अशा वस्तींतील स्त्रियांकडे जाऊन पाहिलें; त्यांनींही हें काम हलकें म्हणून नाकारलें. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळींत अण्णा साळुंके नांवाचा आचारी त्यांच्या दृष्टीस पडला. शरीर नाजूक, हात लांबसडक, पगार महिना १० रुपये. फाळके यांनीं त्यास १५ रुपये देऊं केले, आणि तोच हरिश्चंद्राची राणी तारामती झाला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दबके, आणि राजपुत्र झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र. स्त्रियांचीं सोंगें घेणाऱ्या पुरुषांस मिशा काढावयास सांगितल्यावर मोठा तंटा माजला, कारण बाप मेल्यावांचून मिशी काढणें त्यांस अशुभ वाटे. सिनेमांत काम करतों असें सांगण्याची कोणास लाज वाटली तर हरिश्चंद्राच्या कारखान्यांत आहों असें सांगावें, अशी युक्ति फाळके यांनीं या लोकांस शिकविली होती. कारखाना म्हटला कीं लोक आदरानें पाहत!

बाहेरचे देखावे घेण्यास मंडळी कल्याणच्या पलीकडे वांगणी गांवीं गेली. ढालीतरवारी घेतलेले इतके पुरुष पाहून गांवकरी घाबरले. दरोडेखोर आले अशी खबर पोलिसांस गेली, व साऱ्या राजदरबारास चौकशीस तोंड द्यावें लागलें. फाळके यांनीं फीत नसलेला कॅमेरा फिरवून खेळ करून दाखविला, तेव्हां कोठें सुटका झाली. अशा रीतीनें सहा महिने सत्तावीस दिवसांत सुमारें ३,७०० फूट लांबीचें चित्र पुरें झालें.

२१ एप्रिल १९१३ रोजीं ग्रँट रोडवरील ऑलिम्पिया थिएटरांत तें निमंत्रितांस दाखविलें, आणि शनिवार, ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमागृहांत लोकांपुढें आलें. त्याच जागीं आदल्या वर्षीं, १८ मे १९१२ रोजीं, दादासाहेब तोरणे यांचें पुंडलिकाचें चित्र लागलें होतें, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. पण तें चालू नाटकाचें घेतलेलें चित्र होतें, व फाळके यांनीं मात्र आरंभापासून पडद्यासाठींच कथा मांडली होती. मुंबईंत लोकांची झुंबड उडाली. सुरतेस मात्र पहिल्या दिवशीं अवघे तीन रुपये जमले. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणारे लोक तीन आणे देऊन दीड तासाचा खेळ पाहतील कशाला? तेव्हां फाळके यांनीं जाहिरात बदलली, व तीन आण्यांत ५७,००० फोटो आणि दोन मैल लांबीचें चित्र पाहावयास मिळेल असें जाहीर केलें. फोटोंचा आंकडा बराच जुळतो, कारण एका फुटांत सोळा चित्रें असतात. दोन मैलांचें मात्र जमत नाहीं. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाहीं. यशाच्या भरांत सत्यवादी हरिश्चंद्राचें चित्र विकतांना एवढी सवलत त्यांनीं घेतली!

पुढला काळ थोडक्यांत सांगतां येईल. १९१३ च्या अखेरीस त्यांनीं कारखाना नाशिकास नेला. मोहिनी भस्मासुर या चित्रांत दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१४ सालीं ते पुन्हां विलायतेस जाऊन आपलीं चित्रें दाखवून आले. तेथें राहून चित्रें काढावीं असें त्यांस सुचविण्यांत आलें, पण घरचीं माणसें व कारखाना सोडून राहण्यास ते तयार झाले नाहींत. परत येतात तों महायुद्ध सुरू झालें. सावकारांनीं हात आंखडले व कारखाना बंद पडण्याची पाळी आली. तीन वर्षें अशीं ओढाताणींत गेलीं. १९१७ सालीं लंकादहन आलें, व त्यानें सारें फेडून टाकलें. त्यांत राम व सीता हीं दोन्ही कामें त्याच अण्णा साळुंके यांनीं केलीं होतीं. खाणावळींतला आचारी एकाच पडद्यावर नवरा व बायको झाला. मद्रासेस या चित्राच्या उत्पन्नाचीं नाणीं पोलिसांच्या पहाऱ्यांत बैलगाडींतून न्यावीं लागलीं असें सांगतात.

१ जानेवारी १९१८ रोजीं मुंबईच्या पांच व्यापाऱ्यांच्या भागीदारींत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पैशांची चिंता मिटली, आणि जुनें दुखणें उलटलें. चित्राला खर्च किती करावा व शेवटचा शब्द कोणाचा, यावरून पुन्हां वाद माजले. छापखान्यांत जें झालें तेंच येथें झालें. फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीस जाऊन राहिले व तेथें नाटक लिहीत बसले. कांहीं वर्षांनीं ते परत आले, पण घरचा मालक पाहुणा होऊन आला तशी त्यांची स्थिति झाली. वयाच्या चाळिसाव्या वर्षीं कॅमेरा, रसायनें व आंधळेपण यांशीं झगडून नवी विद्या मिळविणाऱ्या मनुष्यास चार भागीदारांबरोबर बसून हिशेब पाहण्याची विद्या मात्र कधींच साधली नाहीं. मंडळींचीं कामें पंचांच्या सल्ल्यानें चालविणाऱ्या आपल्या बांधवांस ती किती अवघड आहे हें ठाऊकच आहे.

दरम्यान काळ त्यांच्याहून वेगानें पुढें गेला. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतल्याच मॅजेस्टिक थिएटरांत आलम आरा हा पहिला बोलपट लागला. फाळके तेव्हां सेतुबंधन या मूकपटाच्या कामांत गुंतलेले होते. मुकें चित्र आतां घेतो कोण? त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. ज्या मनुष्यानें एकदां सारें सोडून नव्या विद्येच्या पाठीं धांव घेतली होती, त्याच्यावर आतां नव्या विद्येनें धांव घेतली. १९३७ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, त्यांनीं कोल्हापूर येथें गंगावतरण हा आपला एकुलता एक बोलपट पुरा केला. त्या वयांत नवें यंत्र व नवीं माणसें यांशीं जुळवून घेऊन त्यांनीं तो केला, याचें आम्हांस लंकादहनाच्या यशापेक्षांही अधिक कौतुक वाटतें. पण धंदा म्हणून तो चालला नाहीं. त्यानंतर त्यांनीं चित्र केलें नाहीं. शेवटचे दिवस नाशिकास तंगींत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. लहानमोठीं मिळून शंभराहून अधिक चित्रें त्यांनीं केलीं होतीं.

१९६९ पासून भारत सरकार चित्रपटसृष्टींतील थोर सेवेबद्दल त्यांच्या नांवानें पुरस्कार देतें, आणि दादरच्या ज्या रस्त्यावर सरस्वतीबाईंनीं अंधारांत फितीला भोकें पाडलीं त्या रस्त्यास आज दादासाहेब फाळके यांचें नांव आहे. त्यांचीं चित्रें मात्र फार थोडीं उरलीं. बाकीचीं जळून, विरून गेलीं. जीं उरलीं त्यांत १९१९ च्या कालिया मर्दनाचा बराच भाग आहे. त्यांतील बाळकृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. आणि चित्रपट कसा तयार करतात हें लोकांस समजावें म्हणून १९१७ सालीं त्यांनीं काढलेल्या एका लहान चित्राचा तुकडाही शिल्लक आहे. त्यांत फाळके स्वतः काम करीत असलेले दिसतात.